नऊ नंबरचं डावं पायडल

धर्माजी : आणि नऊ नंबर कुठाय?

संचिता : काका, एक मिनिट. हा बॅनर बघा ना, वाकडा लागलाय की मलाच वाकडा दिसतोय?

धर्माजी : बॅनर गेला खड्ड्यात. नऊ नंबरची सायकल विचारतोय. शुक्रवारी मी स्वतः त्या कोपऱ्यात लावली, तोंड भिंतीकडं करून. आता तिथं नुसता तेलाचा डाग हाय.

संचिता : इथेच असेल हो. रांगेत बघा. रॅलीच्या वीस आहेत, काल संध्याकाळी मीच मोजल्यात.

धर्माजी : मी आत्ता मोजल्यात. एकोणीस हायत.

संचिता : मग एक सुगंधाताई घेऊन गेल्या. सहाला त्यांचा फोन आला होता. त्यांची चौदा नंबर आपण आज अडवलीय ना, नगरसेवक साहेबांच्या मिसेससाठी. तर म्हणाल्या, मॅडम, माझ्या सायकलला फुगे बांधलेत, मी ड्युटीला कशावर जाऊ? मी म्हटलं, रांगेतली दुसरी कुठलीही घ्या. रॅलीत एक कमी पडली तर मी चालत येईन.

धर्माजी : रांगेतली कुठलीही.

संचिता : हो.

धर्माजी : आणि नऊ नंबर रांगेत होती?

संचिता : असेल. टोकाला होती बहुतेक.

धर्माजी : तिला डावं पायडल नव्हतं, संचिता.

संचिता : मग त्या कशा गेल्या?

धर्माजी : तेच विचारतोय मी! ह्या शेडमधी तीन वर्षं काय नियम हाय? जिचं काम अपुरं, तिचं डावं पायडल काढायचं आणि ह्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचं. कागद उडतो, खडू पुसतो, तुमचा तो ग्रूप कोण वाचत नाय. पायडल नसलं की शेंबड्या पोरालाबी कळतं, हिच्यावर बसायचं नाय. शुक्रवारी तयार सायकलींची काढून दिल्यावर डब्यात चार उरली होती. ही बघ. एक, दोन, तीन.

संचिता : काका, तिला झालं होतं काय?

धर्माजी : चिमटा तडकलाय.

संचिता : चिमटा म्हणजे...

धर्माजी : पुढच्या चाकाला दोन्ही बाजूनं धरतो तो. त्याचे दोन पाय वर जुळतात ना, तिथं. नखाएवढी भेग. वरून कुणी रंग फासलेला, म्हणून दिसत नव्हती. पॉलिश पेपर मारला तेव्हा दिसली. बेव्हर्ली पार्कातल्या सोसायटीतनं आली ती, दहा वर्षं पायपाला बांधून कुजत होती. दान दिली म्हणे! भंगारवाला घेईना म्हणून दान.

संचिता : नखाएवढी म्हणजे लगेच काही होणार नाही ना?

धर्माजी : सपाटीला दोन महिने चालंल. उताराला पुढचा ब्रेक दाबला की सगळा भार तिथं येतो. चाक एकीकडं जातं, माणूस एकीकडं. हात हँडलला असतात, म्हणून पहिलं तोंड आपटतं. माझं दुकान होतं तेव्हा एका दूधवाल्याला बघितलाय मी तसा. पुढचं नको विचारू.

संचिता : सुगंधाताई उत्तनला जातात.

धर्माजी : मला काय सांगतेस? मीच दाखवला तिला रस्ता पहिल्या दिवशी. मुर्धा, राई, मोर्वा, सगळं सपाट. डोंगरीला चढ, आणि पलीकडं उतार. किती वाजता निघाली?

संचिता : सहा पाचला वॉचमनकडून सायकलची किल्ली घेतली. वहीत आहे.

धर्माजी : आता?

संचिता : सहा छत्तीस.

धर्माजी : तिला चढावर पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. लाव फोन.

संचिता : लावतेय. वाजतोय. वाजतोय, काका.

धर्माजी : मग?

संचिता : उचलत नाहीयेत.

धर्माजी : परत लाव.

संचिता : लावला. त्या नाही उचलणार. आपलाच नियम. सायकलवर फोन वाजला तर वाजू दे, उतरल्यावर बघायचा. मी सगळ्या बायकांना उभं करून शपथ घ्यायला लावली होती. नया नगरच्या दोघी हसत होत्या. सुगंधाताई नाही हसल्या. त्यांनी डोळे मिटून घेतली शपथ.

धर्माजी : कायदे करणारी माणसं मोठी हुशार बाबा. ती ज्या आश्रमात म्हातारी माणसं सांभाळते, तिथं लाव.

संचिता : तिथे पोचल्यावर काय उपयोग? उतार आधी लागतो.

धर्माजी : कोण हाय तिकडल्या बाजूला आपलं?

संचिता : यतीन! यतीन केळी आणायला गेलाय, भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला. त्याच्याकडे स्कूटर आहे. थांबा. हॅलो, यतीन? कुठे आहेस?

यतीन : ताई, मार्केटमध्येच. पाच डझन घेतली, अजून पाच घेऊ की वेलची केळी चालतील? साहेबांची माणसं म्हणजे...

संचिता : केळी टाक तिथेच. स्कूटर काढ आणि उत्तनच्या रस्त्याला लाग. सुगंधाताई नऊ नंबर घेऊन गेल्यात. तिचा चिमटा तडकलाय. डोंगरीच्या उताराआधी त्यांना थांबवायचं.

यतीन : नऊ नंबर? पण तिचं तर काकांनी...

संचिता : निघ ना तू! नंतर बोल. मुर्ध्याला थांबून फोन कर. चालवताना नको.

यतीन : निघालो.

धर्माजी : ऐकलंस? त्याला ठाऊक हाय. नऊ नंबरचं पायडल काढलंय हे त्याला ठाऊक हाय. म्हणजे त्यानंच बसवलं.

संचिता : असं कसं म्हणता?

धर्माजी : दुसरं कोण? मागच्या रविवारी मी त्याला पायडल बसवायला शिकवलं. डाव्याचे आटे उलटे असतात, उलटं फिरवलं की घट्ट होतं. पोरगा असा खूश, जशी काय विमानाची मोटार उघडली. नवा शिकलेला माणूस लय वाईट. दिसंल ते पिळतो. काल शेडमधी कोण कोण होतं?

संचिता : मी, यतीन, स्वप्नाली. ती फुगे फुगवत होती.

धर्माजी : तू कागदातनं डोकं वर काढत नाहीस. स्वप्नाली फुगे फुगवते. राहिला कोण?

संचिता : परत लावते सुगंधाताईंना.

धर्माजी : लाव.

संचिता : वाजतोय फक्त. काका, तुम्ही त्याच दिवशी मला सांगितलं का नाही? चिमटा तडकला म्हणून? एक मेसेज. एक व्हॉइस मेसेज तरी.

धर्माजी : सांगितलं की. पायडल काढलं.

संचिता : पेडल काढणं म्हणजे सांगणं नाही! गेल्या महिन्यात बेल नाही म्हणून पेडल काढलंत. त्याच्या आधी सीट फाटली म्हणून. एकदा तर नुसती धुतलेली नाही म्हणून! माणसाला कसं कळणार, बेल नाही की जीव जाणार?

धर्माजी : माणसानं विचारायचं. तोंड दिलंय देवानं.

संचिता : तुम्हाला विचारलं की तुम्ही अर्धा तास दुकानाच्या गोष्टी सांगता.

धर्माजी : तू का एवढी तडतडतेस? मी यतीनला बोलतोय.

संचिता : त्याचा फोन. हां, यतीन. स्पीकरवर टाकलाय.

यतीन : मुर्धा क्रॉस केलं. एका दुकानवाल्याला विचारलं, म्हणाला, बाई सायकलवर गेली, खूप वेळ झाला. निळा ड्रेस. तीच ना?

धर्माजी : यतीन, तू पायडल बसवलंस नऊ नंबरला?

यतीन : काका?

धर्माजी : सरळ बोल.

यतीन : मी... नाही. म्हणजे काल मी तीन सायकलींना बसवली. सहा, अकरा आणि... सतराच होती ना? तुम्हीच काढून दिली होती डब्यातून.

धर्माजी : मला वाटतं, मी दोनच दिली होती.

यतीन : दोन? मग तिसरं... काका, लाईट गेली होती मध्ये. मी टॉर्चवर करत होतो. सतरा की नऊ? अरे देवा. दोन्ही लाल आहेत. काका, मला खरंच आठवत नाही.

धर्माजी : आठवत नाय! माणसाच्या खाली सायकल देतोस आणि आठवत नाय!

यतीन : काही झालं तर मी काय तोंड दाखवू? त्यांची मुलगी बारावीला आहे. मी जातो. मी पोचतो काका. काही झालं तरी पोचतो.

संचिता : यतीन, हळू जा.

यतीन : हळू गेलो तर नाही मिळणार ताई! मी फुल रेस देतोय, ठेवतो.

संचिता : यतीन! ठेवला. काका, तो वेड्यासारखा मारेल गाडी. रस्ता किती अरुंद आहे, समोरून बस येते...

धर्माजी : मारू दे. अक्कल येईल.

संचिता : तो मरेल!

धर्माजी : ओरडू नको. बाहेर माणसं आलीयत.

संचिता : परत लावते. उचल रे. उचल. यतीन! गाडी बाजूला घे. घेतलीस? बंद कर. चावी काढ.

यतीन : काढली. काय झालं? मिळाल्या का? ताई, काय झालं सांगा ना!

संचिता : तू नाही बसवलंस. मी बसवलं.

यतीन : काय?

संचिता : मी बसवलं नऊ नंबरचं पेडल. काल पाच वाजता, तू चहाला गेलास तेव्हा. काकांनी तीनच दिली होती, सतराचं तूच बसवलंस, बरोबर बसवलंस. कळलं? आता चाळीसच्या वर जायचं नाही. वळणावर हॉर्न दे. जा.

यतीन : हो. हो ताई.

(शेडबाहेर कुणीतरी माइक तपासून बघतंय. संचिताने फोन दोन्ही हातांत धरलाय. धर्माजीकडे बघायचं तिला धाडस होत नाही, म्हणून ती डब्यातल्या तीन पायडलांकडे बघतेय.)

धर्माजी : तुला नियम ठाऊक नव्हता?

संचिता : होता.

धर्माजी : मी तुला पहिल्या दिवशी सांगितला होता. ह्या शेडमधी विंचू निघत होते तेव्हा.

संचिता : होता म्हटलं ना काका. मला वीस हव्या होत्या. साहेबांच्या ऑफिसातून सांगितलेलं, वीस सायकली मैदानात दिसल्या पाहिजेत, तर शेडची जागा पक्की करायचं बघतो. एकोणीस भरल्या. वाटलं, तुम्ही बेलसाठीच काढलं असेल. नुसती उभी करायची होती फोटोला. हाकणार कोण होतं तिला?

धर्माजी : मग रांगेतनं बाजूला का नाय ठेवलीस?

संचिता : विसरले. सकाळी फोन आला तेव्हा माझ्या एका हातात शाल-श्रीफळाचं ताट होतं. कुठलीही घ्या म्हटलं आणि ठेवला. नऊ नंबर माझ्या डोक्यातच आली नाही.

धर्माजी : आणि मघापासनं मी त्या पोराला शिव्या घालतोय. तू ऐकत उभी राहिलीस.

संचिता : हो.

धर्माजी : का?

संचिता : भीती वाटली.

धर्माजी : माझी?

संचिता : नाही. मला काय माहीत कसली! पोलीस येतील, नवरा काय म्हणेल, पेपरात येईल, आपली सायकल मंडळी बंद पडेल. सगळं एकदम आलं डोक्यात. आणि त्या सगळ्यात सुगंधाताई शेवटी आल्या. हे खरं सांगतेय तुम्हाला. शेवटी आल्या.

धर्माजी : त्या शेवटीच येतात. आपली मंडळी काढली कुणासाठी? ज्या बाईला पहाटेची बस मिळत नाय तिच्यासाठी. सोसायट्यांतनं गंज आणायचा, रविवारी दोन तास राबायचं, आणि तिला चालतं चाक द्यायचं. पैसा नको, दोन तास दे. सुगंधानं एक रविवार चुकवला नाय. ताप होता तेव्हाबी येऊन चेनी धुतल्या. आणि जिला रोज लागते तिला उरलेली, आणि ज्यांना वर्षातनं एकदा फोटोपुरती बसायची त्यांना तेल घातलेली, फुगे लावलेली. थू!

संचिता : बोला. अजून बोला.

धर्माजी : बोलून काय होतंय? किती वाजले?

संचिता : सहा त्रेपन्न.

धर्माजी : म्हणजे उतार झाला असंल. किंवा...

संचिता : नका ना बोलू. परत लावते. वाजतोय. काका, ही तेरावी वेळ. आता तर त्या पोचल्या असत्या तर उतरून बघितला असता फोन. उतरल्यावर बघायचा, हाच नियम आहे. सुगंधाताई नियम मोडत नाहीत.

धर्माजी : नवीन डोकं लावू नको. नुसती वाजव.

संचिता : साहेबांच्या माणसाचा फोन येतोय मध्येच.

धर्माजी : घेऊ नको.

संचिता : नाही घेतला तर दहा वेळा करेल, लाईन अडेल. हॅलो. हो सर. हो, बॅनर लागलाय. सर, एक प्रॉब्लेम... नाही, हार आलेत. सर, ऐका ना. काका, हे काय करताय तुम्ही? काका! सर, होल्ड करा.

धर्माजी : पायडलं काढतोय.

संचिता : रॅलीच्या सायकलींची?

धर्माजी : एकोणीसच्या एकोणीस. आता ह्यातल्या कुठल्या पायडलावर भरवसा ठेवू मी? कुठलं माझ्या हातचं, कुठलं तुझ्या हातचं? सगळ्या परत तपासणार. चिमट्यापासनं. पंधरा नंबरचा पान्हा दे तो.

संचिता : पंधरा मिनिटांत साहेब येतायत.

धर्माजी : येऊ देत. पान्हा दे.

संचिता : सर? आज रॅली होणार नाही. नाही सर, पाऊस नाही. सायकली तयार नाहीत. हो, काल तयार आहेत म्हटलं होतं. मी खोटं बोलले होते. नाही, तुम्ही जागेचं जे ठरवायचं ते ठरवा. ठेवते. हा घ्या काका, पान्हा.

धर्माजी : गेली शेड.

संचिता : जाऊ दे. यतीनचा फोन! यतीन, बोल.

यतीन : ताई.

संचिता : मिळाल्या?

यतीन : ताई, मी उतारावर आहे. इथे चाक पडलंय.

धर्माजी : कसलं चाक?

यतीन : पुढचं. दुकानाच्या पायरीला टेकवून ठेवलंय कुणीतरी. चिमट्याचे दोन पाय तसेच आहेत त्याला. रिमवर आपला पिवळा नऊ आहे.

संचिता : आणि त्या?

यतीन : कुणीच नाही इथे. सायकल पण नाही. रस्त्यावर रक्त आहे. जास्त नाही. जास्त म्हणजे... मला कळत नाही काका, किती असलं की जास्त असतं.

धर्माजी : पोरा, ऐक. श्वास घे. दुकान उघडं हाय?

यतीन : हो, एक मावशी मासळीच्या टोपल्या लावतायत.

धर्माजी : त्यांना विचार. नीट विचार, शब्द न् शब्द सांग मला.

संचिता : काका, मला बसू दे इथे.

धर्माजी : बस. डोकं गुडघ्यात घाल. यतीन?

यतीन : विचारलं. त्या म्हणतात, पडली हाय, पन मेली न्हाय. हनुवटी फुटली हाय. मी हळद लावली तर म्हणते, मावशी, चाक ठेवू का तुमच्याकडं, परत येते न्यायला. सायकल खांद्याव घेतली न् चालत गेली.

संचिता : चालत? आश्रमाकडे?

यतीन : नाही. उलट्या बाजूला. भाईंदरकडे. म्हणजे मी जिकडून आलो तिकडे! पण ताई, मी एकेक माणूस बघत आलोय. खांद्यावर सायकल घेतलेली बाई मला दिसली नसती का?

धर्माजी : परत फीर. सावकाश ये. गटार बघ, झुडपं बघ. चक्कर येऊन पडली असंल कुठं.

यतीन : फोन चालू ठेवतो, खिशात. तुम्ही ठेवू नका. प्लीज ठेवू नका.

संचिता : नाही ठेवत.

धर्माजी : हनुवटी फुटली म्हणजे डोकं आपटलेलं असतं. माणूस उठतो, चार पावलं चालतो, बोलतोबी चांगलं. आणि मग बसतो.

संचिता : काका, गप्प बसा! तुमच्या पाया पडते.

धर्माजी : बसलो.

संचिता : स्कूटरचा आवाज येतोय नुसता. काका, असं काही झालं तर मी त्या मुलीला काय सांगू? बारावीच्या? मला तिचं नावही माहीत नाही. तीन वर्षं तिची आई आपल्याकडे येतेय.

धर्माजी : आशा.

संचिता : काय?

धर्माजी : आशा नाव हाय पोरीचं. थांब. गाडी थांबली.

यतीन : सुगंधाताई! अहो ताई, मी यतीन! अहो, मागे नका जाऊ, पाणी आहे तिकडे!

संचिता : यतीन? यतीन!

यतीन : मिळाल्या! मिळाल्या काका! एका ओस पडलेल्या कंपाउंडच्या भिंतीमागे बसल्या होत्या. फ्रेमवर ओढणी टाकून. शुद्धीवर आहेत. हनुवटी फाटलीय. मनगट... मनगट नीट दिसत नाहीये ताई. भलतीकडेच वळलंय. मी घेऊन येतो, हाडाच्या डॉक्टरकडे नेतो. त्यांना बोलायचंय. मीच फोन धरतो कानाला.

सुगंधा : मॅडम?

संचिता : सुगंधाताई! डोकं दुखतंय का? उलटी झाली? नीट दिसतंय ना?

सुगंधा : मॅडम, सायकल मोडली हो माझ्याकडनं.

संचिता : सायकल जाऊ दे...

सुगंधा : मी जोरात नव्हते, देवाशपथ. उतार लागला तशी तुम्ही शिकवलंत तसा ब्रेक हळूहळू दाबला. दोन्ही दाबले. तर हँडलच वर हातात आलं. फ्रेम आणलीय मी. चाक मावशीकडं ठेवलंय, ते दुसऱ्या फेरीला आणीन. कायबी टाकून आलेले नाही.

धर्माजी : सुगंधा, फोन का नाय उचललास गो? जीव गेला आमचा.

सुगंधा : काका पण आहेत का? काका, उठले तर बघते तो एवढे फोन. म्हटलं, कळलं ह्यांना. कोणीतरी पडताना बघितलं असेल मला. आता बोलतील, सुगंधाला एक दिवस वेगळी सायकल दिली तर तीही तोडली. मग हा यतीनदादा दिसला, आपला पिवळा टीशर्ट. मी भिंतीआड झाले.

संचिता : आम्हाला घाबरून लपलात?

सुगंधा : नाव काढाल ना. सायकल गेली की मला दोन बस बदलाव्या लागणार. उशीर झाला की आश्रमातलं काम पण गेलं. मॅडम, मी चार रविवार जादा करीन. एका हातानं चेनी धुता येतात. नाव तेवढं ठेवा.

संचिता : सुगंधाताई...

धर्माजी : सांग तिला.

संचिता : सांगतेय. सुगंधाताई, सायकल तुमच्याकडून नाही मोडली. ती मोडलेलीच होती. काकांनी पेडल काढून बाजूला ठेवली होती. मी बसवलं. वीस दिसाव्यात म्हणून. आणि सकाळी तुम्हाला म्हटलं, कुठलीही घ्या.

सुगंधा : यतीनदादा, फोन जरा जवळ धर रे.

संचिता : ऐकू आलं का?

सुगंधा : आलं.

संचिता : तुम्ही काही चुकलेल्या नाहीत.

सुगंधा : म्हणजे मी उगाच लपले.

संचिता : हो.

सुगंधा : माझी चौदा नंबर तिथंच होती ना, मॅडम? रांगेत?

संचिता : होती. समोरच आहे माझ्या.

सुगंधा : बरं.

संचिता : तुम्ही बोला ना मला. काहीतरी बोला. शिव्या द्या.

सुगंधा : तुम्ही रडताय का मॅडम?

संचिता : नाही.

सुगंधा : रडू नका. हात माझा मोडलाय.